पत नावाचे भांडवल

‘नॅशनल पॅनासॉनिक’ हे नाव आपल्याकडे कितीतरी घरांत पोहोचले ते आखातातून येणाऱ्या पाहुण्यांच्या सामानातून. टेपरेकॉर्डर दिवाणखान्यात मानाने बसायचा आणि त्यावर आजीने विणलेला रुमाल पडायचा. त्या नावामागे कोनोसुके मात्सुशिता हा एक जपानी गृहस्थ होता आणि त्याचा धंदा दिव्याच्या जुन्या पितळी टोप्यांपासून सुरू झाला, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. माझी नोकरी बँकेतली. कर्जाचे अर्ज वाचण्यात हयात गेली. त्यामुळे मात्सुशितांचे चरित्र मी वाचतो ते पत या एका शब्दाभोवती.

जन्म २७ नोव्हेंबर १८९४ चा, वाकायामा प्रांतातील वासा गावचा. आठ भावंडांत हे शेंडेफळ. वडिलांची शेतीवाडी होती, ती तांदळाच्या सट्ट्यात गेली. नवव्या वर्षी शाळा सुटली आणि पोराची रवानगी ओसाकाला झाली. आधी कोळशाच्या शेगड्यांच्या दुकानात, मग सायकलींच्या दुकानात उमेदवारी. १९१० मध्ये तो ओसाका इलेक्ट्रिक लाइट कंपनीत वायरमनचा मदतनीस झाला. तोवर वडील गेले होते. १९१३ मध्ये आईही गेली. प्रकृती तर कायमची तोळामासा.

१९१७ साली, बाविसाव्या वर्षी, त्यांनी ही पगाराची नोकरी सोडली. कारण काय, तर त्यांनी सुधारलेले दिव्याचे सॉकेट साहेबांना पसंत पडले नव्हते. दोन खोल्यांच्या घरात त्यांनी ते स्वतःच बनवायला घेतले. दहा दिवस वणवण करून जेमतेम शंभर नग खपले. पत्नी मुमेनो यांचे किमोनो गहाणवटीच्या दुकानात गेले. शिक्षण नाही, तारण नाही, तब्येत नाही. बँकेच्या नियमांत बसवायचे तर अशा अर्जावर एकच शेरा पडला असता : नामंजूर.

त्या वर्षाच्या अखेरीस विजेच्या पंख्यांसाठी लागणाऱ्या एक हजार चकत्यांची ऑर्डर मिळाली आणि धंदा तरला. ७ मार्च १९१८ रोजी कारखान्याची रीतसर स्थापना झाली. माणसे तीन : स्वतः कोनोसुके, मुमेनो आणि तिचा पंधरा वर्षांचा भाऊ तोशिओ इउए. त्या काळी जपानमधल्या बहुतेक घरांत वीज मिळायची ती छताच्या दिव्यापुरती. त्याच सॉकेटमध्ये फिरवून बसवायचा प्लग त्यांनी केला. त्यासाठी निकामी बल्बच्या धातूच्या टोप्या वापरल्या, म्हणून तो बाजारभावापेक्षा सुमारे तीस टक्के स्वस्त पडला. पाठोपाठ आले दुहेरी सॉकेट. आता दिवा न काढता दुसरे उपकरणही चालू लागले. चिमूटभर धातूची वस्तू, पण गृहिणीची अडचण ओळखून केलेली.

१९२३ मध्ये त्यांनी सायकलचा बॅटरीवरचा दिवा काढला. आधीचे दिवे दोन-तीन तासांत मान टाकत. हा तीस तासांहून अधिक जळे. घाऊक व्यापारी विश्वास ठेवीनात. तेव्हा मात्सुशितांनी दिवे पेटवून थेट दुकानांत ठेवले. खात्री पटली तरच पैसे द्यायचे, असा करार. पैसे आले, आणि मागणीही.

पुढचा प्रसंग माझ्या धंद्यातला, म्हणून जास्त जवळचा. सुमितोमो बँकेचा एक कर्मचारी खाते उघडा म्हणून त्यांच्याकडे खेटे घालत होता. मात्सुशितांनी उलटीच अट घातली : खाते उघडण्याआधी, गरज पडेल तेव्हा वीस हजार येनपर्यंत कर्ज देण्याची कबुली हवी. बँकेने चौकशी केली आणि कबुली दिली. १९२७ च्या एप्रिलमध्ये जपानमध्ये बँकांवर धाव आली. मात्सुशितांचे व्यवहार जिथे होते त्या ज्यूगो बँकेने दारे बंद केली. सुमितोमोने मात्र शब्द पाळला. त्याच वर्षी त्यांचा एकुलता मुलगा तान्हेपणीच दगावला होता. घरात दुःख आणि बाजारात हाहाकार असताना कारखान्याला आधार मिळाला तो एका दिलेल्या शब्दाचा.

हा धडा ते विसरले नाहीत. १९२९ च्या अखेरीस मंदी आली, विक्री निम्म्यावर उतरली, गोदामे भरली. मात्सुशिता अंथरुणावर होते. निम्मी माणसे कमी करावीत, असा सल्ला आला. त्यांनी उत्पादन निम्मे केले, काम अर्धा दिवस ठेवले. पगार मात्र पूर्ण. उरलेल्या वेळात सगळ्यांनी माल विकायचा. दोन-तीन महिन्यांत गोदामे रिकामी झाली. एकालाही घरी बसावे लागले नाही.

सगळेच उजळ आहे असे नाही. युद्धकाळात त्यांच्या कंपन्यांनी लाकडी जहाजे आणि विमानेही बांधली. त्यामुळे युद्धानंतर ताबेदार अमेरिकी प्रशासनाने त्यांना पदावरून दूर करायचे ठरवले. तेव्हा मालक हवा म्हणून सह्यांचे अर्ज घेऊन गेली ती कामगार संघटना! असे दृश्य कारखानदारीच्या इतिहासात विरळाच. १९४७ मध्ये ते कामावर कायम झाले. त्याच वर्षी तोशिओ इउए यांनी वेगळे होऊन ‘सान्यो’ सुरू केली.

२७ एप्रिल १९८९ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, मात्सुशिता गेले. २००८ मध्ये कंपनीने त्यांचे आडनाव टाकून ‘पॅनासॉनिक’ हे नाव घेतले. पुढच्याच वर्षी सान्यो तिच्या ताब्यात आली. मेहुण्याने मांडलेला वेगळा संसार पुन्हा जुन्या घरात आला. २०१९ मध्ये नातू संचालकपदावरून निवृत्त झाले.

नावे पुसली जातात, मालकी बदलते. पण १९२९ च्या त्या हिवाळ्यात ज्या घरांतली चूल विझली नाही, त्यांचा हिशेब कुठल्याच ताळेबंदात सापडत नाही. पत म्हणतात ती हीच.