बीएमआयचा कॉलम आणि केतले
तुमच्या हेल्थ अ‍ॅपमधला बीएमआय आला कुठून, माहितीये? एका खगोलशास्त्रज्ञाकडून! अदोल्फ केतले १७९६ मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात जन्मले. ब्रसेल्सची वेधशाळा त्यांनीच उभी केली. ताऱ्यांच्या नोंदींसाठीचं गणित त्यांनी माणसांच्या मोजमापांना लावलं. मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे त्यांना दिसलं. १८७४ मध्ये ते गेले. बीएमआय हे नाव मात्र १९७२ मध्ये रुजलं.

मी आरमध्ये ‘म्यूटेट’ने हा कॉलम एका ओळीत बनवतो: वजन भागिले उंचीचा वर्ग. एकदा उंची सेंटीमीटरमध्येच राहिली आणि सगळेच ‘अंडरवेट’ निघाले! केतले समाजातला सरासरी माणूस शोधत होते, कुणा एकाला जाड ठरवत नव्हते. म्हणून नवा व्हेरिएबल बनवताना एकक तपासाच, आणि तो नक्की काय सांगतो तेही.