पावसात स्वीकारलेला चषक

दक्षिण आफ्रिकेतील डर्बन कंट्री क्लबवर १९६३ साली नाताळ ओपन ही व्यावसायिक गोल्फ स्पर्धा संपली, तेव्हा पाऊस पडत होता. विजेत्याला चषक द्यायचा तो क्लबहाऊसमध्ये, टाळ्यांच्या गजरात, असा प्रघात. त्या दिवशीचा विजेता मात्र बाहेर पावसात भिजत उभा होता आणि चषक त्याच्या हाती तेथेच देण्यात आला. त्याचे नाव सेवसंकर सेवगोलम. सगळे त्याला पापवा म्हणत. तो भारतीय वंशाचा होता आणि क्लबहाऊसचे दार गोऱ्यांखेरीज कोणालाही उघडत नसे.

पापवाचे पूर्वज गिरमिटिया मजूर म्हणून नाताळमध्ये गेले होते. अशा मजुरांना घेऊन ट्रुरो हे पहिले जहाज डर्बनला लागले ते १६ नोव्हेंबर १८६० रोजी. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १७ ऑक्टोबरला, स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे आठ व्यावसायिकांनी पहिली ओपन स्पर्धा खेळली होती. योगायोगच हा, पण त्या आठ जणांचीही सामाजिक पायरी फारशी उंच नव्हती. कॅडीचे काम करणारे, चेंडू तयार करणारे, मैदानाची देखभाल करणारे असे ते लोक. व्यावसायिकांना क्लबहाऊसबाहेर ठेवण्याची रीत इंग्लंडमध्ये पुढे कित्येक दशके टिकली. १९२० साली डील येथे वॉल्टर हेगन या अमेरिकी विजेत्याने तिला उत्तर दिले. त्याने भाड्याची आलिशान मोटार क्लबहाऊससमोर उभी केली आणि तिलाच आपली कपडे बदलण्याची खोली केले. हेगनच्या त्या थाटाचे आजही कौतुक होते. पापवालाही कपडे मोटारीतच बदलावे लागत. तो थाट नव्हता.

पापवाला लिहिता-वाचता येत नव्हते. डर्बनच्या बीचवूड क्लबवर तो कॅडी होता. गोऱ्या सभासदांच्या पिशव्या वाहता वाहता, कोणी न शिकवता, तो खेळ शिकला. त्याची स्टिक धरण्याची पद्धत पाहून जाणकार चक्रावत. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू उजवा हात खाली आणि डावा वर ठेवतो. पापवाचे हात नेमके उलटे असत. कोणताही प्रशिक्षक पहिल्याच दिवशी ती सवय मोडून काढेल. सुदैवाने पापवाला प्रशिक्षकच नव्हता.

बिगरगोऱ्यांच्या वेगळ्या स्पर्धांत त्याचे नाव झाले. ऑइल ऑफ ओले या प्रसाधनाचे एक जनक ग्रॅहम वुल्फ यांनी त्याचे कसब हेरले आणि १९५९ साली त्याला युरोपात नेले. त्याच वर्षी त्याने डच ओपन जिंकली, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली आणि १९६४ मध्ये तिसऱ्यांदा. हॉलंडमध्ये विजेता ठरलेल्या माणसाला स्वतःच्या गावी गोऱ्यांबरोबर खेळण्यासाठी सरकारी परवाना लागे. १९६३ मध्ये तो मिळाला, पण परवान्यात क्लबहाऊस नव्हते. चषक घेऊन पावसात उभ्या असलेल्या पापवाचे छायाचित्र जगभर छापले गेले आणि दक्षिण आफ्रिकेवर क्रीडा बहिष्कार घालावा या मागणीला त्याने बळ दिले.

१९६५ मध्ये तो नाताळ ओपन पुन्हा जिंकला. या वेळी त्याने मागे टाकले ते गॅरी प्लेअरला. प्लेअरच्या नावावर तोवर ब्रिटिश ओपन, मास्टर्स आणि पीजीए ही तीन मोठी विजेतेपदे होती. वर्णभेदाच्या राजवटीला हा पराभव झोंबला नसता तरच नवल. गोऱ्यांची श्रेष्ठता ज्या कायद्यांवर उभी होती, त्यांना गोल्फच्या गुणपत्रिकेवर जागा नव्हती. तेथे फक्त फटके मोजले जात. ते टाळायचे तर माणसालाच स्पर्धेबाहेर ठेवणे एवढाच उपाय उरला होता, आणि सरकारने तो केला. १९६६ मध्ये गोऱ्यांच्या स्पर्धांत खेळण्यास पापवाला मनाई झाली. प्रेक्षक म्हणूनही त्याला प्रवेश उरला नाही. पुढे पासपोर्टही काढून घेतल्याने युरोपची वाट बंद झाली. फॉर्म ऐन बहरात असताना त्याची उपजीविकाच गेली.

अखेरची वर्षे हलाखीत काढून १९७८ मध्ये, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, हृदयविकाराच्या झटक्याने पापवा गेला. डर्बनच्या रिझर्व्हॉयर हिल्स भागात उमगेनी नदीकाठी असलेले नगरपालिकेचे गोल्फ मैदान आज त्याच्या नावाने ओळखले जाते.