कॅलिप्सोची घरधनीण

मालवण-तारकर्लीला किंवा अंदमानला सहलीला गेलेल्या आपल्यापैकी अनेकजणी आता बिनधास्त स्कूबा डायव्हिंग करून येतात. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडात रेग्युलेटर आणि डोळ्यांपुढे रंगीत मासे! या रेग्युलेटरसाठी फ्रान्सच्या जाक कुस्तोचं नाव जगभर घेतलं जातं. पण त्याच्या बायकोचं, सिमॉनचं नाव कितीजणींना ठाऊक असेल?

सिमॉन मेल्कियोर जन्मली १९ जानेवारी १९१९ रोजी, तुलाँ या फ्रेंच बंदरात. घराणं नौदलातलं. वडील आरमारी अधिकारी, पुढे ‘एअर लिक्विड’ या वायू बनवणाऱ्या कंपनीत. त्यामुळे लहानपणाची काही वर्षं जपानमधल्या कोबे शहरात गेली. १९३७ मध्ये, अठराव्या वर्षी, तरुण नौदल अधिकारी जाकशी तिचं लग्न झालं. लवकरच जाँ-मिशेल आणि फिलिप ही दोन मुलं झाली.

जाकला माशासारखं मोकळं पोहायचं होतं. मदतीला आली सासुरवाडी! सासऱ्यांच्या ओळखीने एअर लिक्विडमधले इंजिनिअर एमिल गान्यान भेटले. युद्धामुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालवण्यासाठी केलेला एक व्हॉल्व्ह त्यांनी बदलून घेतला. त्यातून श्वासापुरतीच हवा, भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने मिळू लागली. १९४३ च्या उन्हाळ्यात जाक समुद्रात उतरला, तेव्हा सिमॉन मास्क लावून वर तरंगत त्याच्यावर नजर ठेवून होती. काही बिनसलं तर मित्राला खूण करायचं काम तिचं. पुढे तीही खाली उतरली. असं उपकरण लावून बुडी मारणारी पहिली स्त्री तीच मानली जाते.

१९५० मध्ये एका श्रीमंत चाहत्याने ‘कॅलिप्सो’ ही सुरुंग काढणारी जुनी बोट वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने दिली. बोट आली, पण इंधन आणि उपकरणं कुठून आणायची? सिमॉनने आपले दागिने मोडले. बाईने दागिने मोडणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको!

पुढची चाळीस वर्षं कॅलिप्सो हेच तिचं घर. नवऱ्यापेक्षाही जास्त काळ ती बोटीवर राहिली. खलाशांचं जेवणखाण, दुखणीखुपणी, भांडणं सगळं तिने निस्तरलं. सगळे तिला धनगरीण म्हणत, कळप सांभाळणारी! मुलं मात्र बोर्डिंग शाळेत वाढली. या संसाराची ती किंमत होती.

१९६३ मध्ये लाल समुद्रात, सुदानच्या किनाऱ्यापलीकडे शाब रुमी या प्रवाळबेटावर कुस्तोंनी पाण्याखाली वसाहत उभारली. दहा मीटर खोलीवरच्या घरात पाच माणसं महिनाभर राहिली. शेवटचे चार दिवस सिमॉनही तिथे राहिली आणि समुद्राच्या पोटात मुक्काम करणारी पहिली स्त्री ठरली. लग्नाचा २६ वा वाढदिवसही तिथेच साजरा झाला!

त्या वसाहतीचे अवशेष पुढे पाणबुड्यांचं तीर्थक्षेत्र झाले. छोट्या पाणबुडीचं घुमटासारखं गॅरेज जेमतेम दहा मीटरवर आहे. नवशिक्यांची मर्यादा १८ मीटरची, त्यामुळे ते त्यांच्याही आवाक्यातलं. दुसरं, लहान घर सुमारे २७ मीटरवर होतं. तिथवर उतरायला पुढचं प्रशिक्षण हवं. दक्षिण टोकाचं पठार, जिथे शार्कचे थवे फिरतात, ते मात्र मुरलेल्यांनीच पाहावं. २०२३ मध्ये सुदानमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि तिथे जाणं अवघड झालं.

कुस्तोंच्या चित्रपटांनी ऑस्कर मिळवले, पण सिमॉन कॅमेऱ्यापासून लांबच राहिली. १९७९ मध्ये धाकटा फिलिप विमान अपघातात गेला. १ डिसेंबर १९९० रोजी कर्करोगाने तिचं निधन झालं. तिची राख समुद्रातच विसर्जित केली. पुढच्याच वर्षी जाकने दुसरं लग्न केलं. त्या नात्यातून त्याला दोन मुलं आधीच होती.

हे वाचून चुटपुट लागते खरी. पण सिमॉनला नुसती सोसणारी बायको म्हणणंही बरोबर नाही. ती नवऱ्याच्या मागे फरफटत समुद्रावर गेली नव्हती. समुद्र तिलाही हवा होता, आणि तो तिने मनसोक्त जगून घेतला. मैत्रिणींनो, पुढच्या वेळी रेग्युलेटर तोंडात धरून पाण्यात उतराल, तेव्हा जाकबरोबर सिमॉनचीही आठवण ठेवा.