पक्षीमित्र सलीम अली

मुलांनो, मोठेपणी तुम्ही कोण होणार, हा प्रश्न घरी आलेले पाहुणे तुम्हांला नेहमी विचारतात. कोणी डॉक्टर होईन म्हणतो, कोणी शिक्षक, तर कोणी वैमानिक. या सर्व कामांना नाव आहे. त्यांचे शिक्षण कोठे मिळते, हेही सर्वांना ठाऊक असते. पण तुम्हांला आवडणाऱ्या कामाला नावच नसेल तर? त्या कामासाठी पगार देणारे कोणी नसेल तर? मुंबईतील एका मुलापुढे असाच प्रश्न उभा राहिला होता. त्या मुलाचे नाव सलीम अली.

सलीमचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. नऊ भावंडांत तो सर्वांत धाकटा. तो एक वर्षाचा असताना वडील वारले. तीन वर्षांचा असताना आईही गेली. अमीरुद्दीन तय्यबजी हे त्याचे मामा. मामांना आणि हमीदा बेगम मामींना मूलबाळ नव्हते. खेतवाडीतील आपल्या घरी त्यांनी या पोरक्या भाच्यांना मायेने वाढवले.

सलीमला छऱ्यांच्या बंदुकीने चिमण्या टिपण्याचा नाद होता. एके दिवशी त्याने टिपलेली एक चिमणी त्याला वेगळी वाटली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. त्याने ती मामांना दाखवली. मामांनाही ती ओळखता येईना. म्हणून त्यांनी सलीमला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात पाठवले. मिलर्ड नावाचे इंग्रज गृहस्थ तेथे सचिव होते. ही पिवळ्या कंठाची चिमणी आहे, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी या छोट्या पाहुण्याला संस्थेतील पक्ष्यांचा संग्रह दाखवला. पेंढा भरून जपून ठेवलेले तऱ्हेतऱ्हेचे पक्षी सलीम डोळे विस्फारून पाहत राहिला. आपल्या देशात इतके पक्षी आहेत, हे त्याला त्या दिवशी प्रथमच कळले. तेव्हापासून पक्ष्यांनी त्याच्या मनात जे घर केले, ते कायमचेच.

पण शाळेत सलीम हुशार विद्यार्थी म्हणून ओळखला जात नव्हता. डोकेदुखीमुळे त्याची शाळा वारंवार बुडे. १९१३ साली तो कसाबसा मॅट्रिक पास झाला. सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातले, पण अभ्यासात मन रमेना. १९१४ साली कॉलेज सोडून तो ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये गेला. तेथे तवॉय या गावी घरच्या लोकांचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. सलीम व्यापारात लक्ष घालू लागला खरा, पण त्याचे डोळे भोवतालच्या रानातील पाखरांकडे लागलेले असत.

१९१७ साली तो मुंबईला परतला. व्यापारासाठी हिशेब आणि कायदा शिकणे जरूर होते. म्हणून त्याने दावर कॉलेजात नाव नोंदवले. सेंट झेवियर्स कॉलेजातील फादर ब्लॅटर यांनी त्याची आवड ओळखली आणि त्याला प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह केला. मग सकाळी हिशेबाचे वर्ग आणि त्यानंतर प्राणिशास्त्राचे, असा त्याचा दिनक्रम सुरू झाला. पहा, एक शिक्षण पोटासाठी होते आणि दुसरे मनासाठी!

१९१८ साली सलीम अलींचा तहमिना यांच्याशी विवाह झाला. दोघे ब्रह्मदेशात गेले. परंतु काही वर्षांत तेथील व्यवसाय बुडाला आणि त्यांना परत यावे लागले. आता नोकरी शोधणे भाग होते. पक्षी-अभ्यासकाची एक सरकारी जागा होती, पण सलीम अलींजवळ पदवी नव्हती. ती जागा त्यांना मिळाली नाही. पुढे १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना काम मिळाले. याच म्युझियमला आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात. तेथील प्राण्यांची व पक्ष्यांची माहिती लोकांना सांगणे, हे त्यांचे काम होते.

नोकरी बरी होती, पण आपले ज्ञान अपुरे आहे, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. १९२८ साली रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिन येथे श्ट्रेझमान या मोठ्या पक्षीशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी शास्त्रशुद्ध अभ्यास केला. १९३० साली मोठ्या उमेदीने ते मायदेशी परतले. पाहतात तो काय! पैशांच्या अभावी त्यांची जागाच रद्द झाली होती.

मुलांनो, तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते? वय तेहतीस, संसार पाठीशी आणि हाती काम नाही. हिशेबाचे शिक्षण झालेले होते. एखाद्या पेढीवर नोकरी धरली असती, तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. पण सलीम अली आणि तहमिना अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. तेथे सुगरण पक्ष्यांची घरटी होती. सलीम अली तासन्तास त्यांचे निरीक्षण करीत आणि दिसेल ते लिहून ठेवीत. त्यांना दिसले, की नर घरटे अर्धे विणतो. मादी येऊन ते पाहते. तिला पसंत पडले, तरच ती तेथे राहते आणि नर ते पुरे करतो. मग तो दुसरे घरटे विणायला घेतो. या निरीक्षणांवरील त्यांच्या लेखाने अभ्यासकांचे लक्ष वेधून घेतले. बेकारीचे दिवस असे कामी आले!

पुढे हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांत हिंडून त्यांनी तेथील पक्ष्यांची पाहणी केली. प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च मिळाला, की पगार नसला तरी त्यांना चाले. तहमिनाही रानावनात त्यांच्याबरोबर राहत. १९३९ साली तहमिना वारल्या. हा घाव फार मोठा होता, पण सलीम अलींनी काम सोडले नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले आणि सामान्य माणसेही पक्षी ओळखू लागली. डिलन रिप्ले या अमेरिकन शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. राजस्थानातील भरतपूरचे पक्षी-अभयारण्य टिकावे, म्हणूनही त्यांनी खटपट केली.

एके काळी पदवी नाही म्हणून ज्यांना जागा मिळाली नव्हती, त्यांना विद्यापीठांनी आपण होऊन डॉक्टरेट दिली. सरकारने १९५८ साली पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण देऊन त्यांचा गौरव केला. १९८५ साली ते राज्यसभेचे सदस्य झाले. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. गोव्यातील चोडण बेटावरील पक्षी-अभयारण्याला आज त्यांचेच नाव आहे.

मुलांनो, सलीम अलींना आवडीचे काम कोणी तयार करून दिले नाही. ते त्यांनी स्वतः उभे केले. पण नुसत्या आवडीवर ते विसंबून राहिले नाहीत. जे येत नव्हते, ते वय वाढल्यावरही शिकले. आता पाहुण्यांनी तुम्हांला तो नेहमीचा प्रश्न विचारला आणि उत्तर सुचले नाही, तर लाजू नका. कोणी न सांगता तुम्ही कोणते काम मन लावून करता, ते मात्र आठवून पहा. कदाचित तुमची पिवळ्या कंठाची चिमणी तेथेच कोठेतरी बसली असेल.