डोक्यावरचं ओझं अन् मुलींची शाळा

गोंदियाहून रेल्वेने नागपूरला जाताना कामठी लागते. कामठी-नागपूर ही चार-पाच कोसांची वाट जाईबाई चौधरी डोक्यावर ओझं घेऊन पायी तुडवत. जन्म १८९२ चा, उमरेडचा, महार कुटुंबातला. १८९६ च्या दुष्काळात घरच्यांनी नागपूर गाठलं. नवव्या वर्षी लग्न, पुढे हमाली.

ग्रेगरी नावाच्या ननबाईंच्या नजरेस त्या पडल्या. त्यांनी जाईबाईंना मिशनच्या शाळेत शिकवायला ठेवलं, पगार महिना चार रुपये. पण बाई अस्पृश्य आहेत हे कळताच सवर्ण पालकांनी मुलं काढून घेतली. नोकरी गेली. शाळा मिशनची, पण धाक गावाचाच!

जाईबाईंनी मग १९२२ साली नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा स्वतःच काढली. (आपल्याकडे रोवणी लागली की पटावर नाव अन् पोरगी बांधीत, हे सरपंच-गुरुजींना ठाऊकच आहे.)

१९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली. तिथे जेवायला जाईबाईंना वेगळं बसवलं. शिकल्यासवरल्या बायकांची परिषद ही! १ जानेवारी १९३८ ला दलित महिलांनी निषेधाची सभा घेतली. तोवर जाईबाईंच्या शाळेला पंधरा वर्षं होऊन गेली होती.