कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे (माहेरचे नाव कमल दिनकर समर्थ, जन्म : ८ नोव्हेंबर १९१७, पुणे, मृत्यू : ११ एप्रिल २००१) या भारतीय जीववैद्यक संशोधक होत्या. स्तनाच्या कर्करोगाची आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांच्याशी असलेली सांगड हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता. मुंबईत ऊतिसंवर्धनाची (टिश्यू कल्चर) प्रयोगशाळा उभारण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण पुरस्काराने गौरविले.

बालपण आणि शिक्षण

वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. आईचे नाव शांताबाई. मुलींच्या शिक्षणाविषयी वडील आग्रही होते. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. त्यांनी वैद्यकाकडे वळावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. यांपैकी एकही गोष्ट घडली नाही. फर्ग्युसन महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि १३ मे १९३९ रोजी गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळ-रामफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी-आनुवंशिकीवर काम करून त्यांनी १९४३ मध्ये एम.एस्सी. पदवी मिळवली. या अभ्यासात पतीच्या गणिती ज्ञानाचे त्यांना साहाय्य झाले. वनस्पतींच्या पेशींपासून सुरू झालेली ही वाट पुढे कर्करोगापर्यंत गेली, ती मुंबईतील वास्तव्यामुळे.

टाटा स्मारक रुग्णालय

परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे भारतातील विकृतिशास्त्राच्या पायाभरणीतील अग्रणी होत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली रणदिवे यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. १९४९ मध्ये मिळवली. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात (इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर) त्यांचे पुढील आयुष्य गेले.

रणदिवे शल्यविशारद नव्हत्या. तथापि त्यांच्या प्रश्नाचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी त्या काळी स्तनाच्या कर्करोगावर कोणता उपचार होत असे, हे पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी १८९० च्या दशकात रूढ केलेली शस्त्रक्रिया तेव्हा जगभर प्रमाण मानली जाई. तीत संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी एकाच तुकड्यात काढून टाकत. स्तनातील लसिकाद्रव बहुतांशी काखेतील ग्रंथींकडे वाहतो, त्यामुळे रोगाच्या पेशी बहुधा प्रथम तेथेच अडकतात. किती ग्रंथींपर्यंत रोग पोहोचला आहे, हे काढलेल्या ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून ठरते.

या शस्त्रक्रियेने जखमेच्या जागी रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटले, परंतु रुग्ण स्त्रीला त्याची किंमत मोजावी लागे. छातीच्या फासळ्यांवर केवळ त्वचा उरे. खांदा आखडे. काखेतील ग्रंथी गेल्याने हातातील लसिकाद्रवाचा मार्ग खुंटून हात सुजे (लिम्फोडेमा). ही सूज काही स्त्रियांत कायमची राही, आणि त्या हाताला लहानशी जखम झाली तरी जंतुसंसर्गाचे भय असे. घागर उचलणे, धुणे पिळणे, मूल कडेवर घेणे ही ज्या हाताची नित्याची कामे, तोच हात जड होई. एवढे सोसूनही रोग आधीच शरीरात अन्यत्र पसरला असेल, तर शस्त्रक्रियेचा उपयोग मर्यादित ठरे. पुढे छातीचा मोठा स्नायू राखण्याची पद्धत १९४८ च्या सुमारास लंडनमध्ये डेव्हिड पेटी यांनी मांडली. १९७० च्या दशकात सुरू झालेल्या अमेरिकी व इटालियन चाचण्यांनी अनेक रुग्णांत मर्यादित शस्त्रक्रिया पुरेशी ठरते हे दाखवले. १९९० च्या दशकापासून सर्व ग्रंथी काढण्याऐवजी पहिल्या एक-दोन ग्रंथी तपासून निर्णय घेण्याची रीत रुळली. शस्त्रक्रियेनंतर काखेत जमणारा द्रव नळीने बाहेर काढणे, हाताचे व्यायाम लवकर सुरू करणे आणि त्या हाताची आयुष्यभर काळजी घेणे, ही आता उपचारांचीच अंगे मानली जातात.

संशोधन

रोग काखेत पोहोचल्यावर काय करावे, हा शल्यविशारदांचा प्रश्न होता. रणदिवे यांनी त्याआधीच्या टप्प्याकडे लक्ष वळवले. कर्करोग होण्यापूर्वी निरोगी स्तनग्रंथीत काही फरक दिसतो का, हे त्यांना पाहावयाचे होते. उंदरांच्या काही शुद्ध वंशांत स्तनाचा कर्करोग वारंवार होतो, तर काहींत तो क्वचितच आढळतो. अशा चार वंशांच्या स्तनग्रंथींच्या रचनेची त्यांनी खानोलकर यांच्यासमवेत तुलना केली. रोगप्रवण मादीच्या दुधातून पिलांकडे एक घटक संक्रमित होतो, हे जॉन बिट्नर यांनी १९३६ मध्ये अमेरिकेत दाखवले होते. हा घटक म्हणजे विषाणू असल्याचे पुढे निश्चित झाले. वंश, संप्रेरके आणि विषाणू यांच्या परस्परसंबंधांतून रोगप्रवणता कशी घडते, याचा मागोवा रणदिवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ घेतला.

स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध सर्वप्रथम रणदिवे यांनीच मांडला, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. हे विधान अतिशयोक्त आहे. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्येच आपल्या पत्नीच्या कुळातील अशा मृत्यूंची नोंद केली होती. उंदरांत सापडलेला विषाणू मानवी रोगाचे कारण असल्याचेही सिद्ध झालेले नाही. रणदिवे यांचे खरे कार्य वेगळे आहे. हा प्रश्न प्रयोगाने तपासण्याची साधने व माणसे त्यांनी भारतात तयार केली, आणि तीही बीआरसीए-१ व बीआरसीए-२ ही जनुके हाती येण्याच्या (१९९४-९५) कितीतरी आधी.

त्यासाठी लागणारे ऊतिसंवर्धनाचे तंत्र त्यांनी बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत आत्मसात केले. हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या पेशींपासून हेला ही पेशीमालिका १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत वाढवली गेली. हॉलस्टेड यांची कर्मभूमी असलेल्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतच रणदिवे हे तंत्र शिकल्या, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. परतल्यावर त्यांनी मुंबईत प्रायोगिक जीवशास्त्र व ऊतिसंवर्धन यांच्या प्रयोगशाळा उभारल्या. १९६६ ते १९७० या काळात त्या संशोधन केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. रक्ताचा व अन्ननलिकेचा कर्करोग, तसेच कुष्ठरोगाशी संबंधित जीवाणू यांवरही त्यांनी काम केले. त्यांपैकी जीवाणूंवरील संशोधन कुष्ठरोगप्रतिबंधक लसीच्या प्रयत्नांना उपयोगी ठरले. १९६४ साली त्यांना वाटुमल प्रतिष्ठानचे पारितोषिक मिळाले.

उत्तरायुष्य

परदेशात शिकलेल्यांनी मायदेशी परतावे, हा त्यांचा आग्रह होता. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या (इंडियन वुमेन सायंटिस्ट्स असोसिएशन) त्या संस्थापक सदस्य होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याचे प्रकल्पही त्यांनी याच काळात चालवले.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४ व्या जन्मदिनी, गूगलने त्यांच्यावर डूडल प्रसिद्ध केले; त्यात त्या सूक्ष्मदर्शकासह दाखवल्या आहेत.