ऑड्री हेपबर्न

ऑड्री हेपबर्न (जन्म: ४ मे १९२९, ब्रुसेल्स, बेल्जियम, मृत्यू: २० जानेवारी १९९३, स्वित्झर्लंड) या ब्रिटिश चित्रपट व रंगभूमी अभिनेत्री होत्या. 'रोमन हॉलिडे' (१९५३) या चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. 'वेट अंटिल डार्क' (१९६७) या थरारपटात त्यांनी अंध नायिकेची भूमिका केली.

प्रारंभिक जीवन

त्यांची आई एला या डच उमराव घराण्यातील होत्या. वडील जोसेफ रस्टन १९३५ मध्ये कुटुंब सोडून गेले. दुसऱ्या महायुद्धात मायलेकी नेदरलँड्समधील आर्नहेम परिसरात राहत होत्या. जर्मन अंमलाखाली १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे भीषण अन्नटंचाई झाली व उपासमारीचा ऑड्री यांच्या प्रकृतीवर परिणाम झाला. युद्धानंतर त्यांनी अ‍ॅमस्टरडॅम व लंडन येथे बॅलेचे शिक्षण घेतले. मात्र प्रमुख नर्तिका होणे शक्य नसल्याचे स्पष्ट झाल्यावर त्या अभिनयाकडे वळल्या.

वेट अंटिल डार्क

'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज' (१९६१) आणि 'माय फेअर लेडी' (१९६४) यांसारख्या चित्रपटांमुळे हेपबर्न यांची प्रतिमा मोहक व डौलदार नायिकेची झाली होती. या थरारपटाने त्यांना त्या चौकटीबाहेर नेले. फ्रेडरिक नॉट यांच्या नाटकावर आधारित या चित्रपटाचे दिग्दर्शन टेरेन्स यंग यांनी केले होते, तर हेपबर्न यांचे पती मेल फेरर निर्माते होते.

हेरॉईन दडवलेल्या एका बाहुलीच्या शोधात तीन गुन्हेगार अंध सूझीच्या घरात शिरतात. अंधारात आपणच वरचढ ठरू, हे ओळखून सूझी घरातील दिवे फोडते. परंतु शीतकपाटातील दिवा तिच्या ध्यानात राहत नाही. या प्रसंगाच्या वेळी अनेक चित्रपटगृहांतील दिवेही मालवले जात.

भूमिकेच्या तयारीसाठी हेपबर्न यांनी न्यूयॉर्कमधील अंधांसाठीच्या संस्थेत प्रशिक्षण घेतले. बोलक्या डोळ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या अभिनेत्रीला येथे नजरेचा आधार न घेता केवळ आवाज, स्पर्श व हालचालींतून भीती व्यक्त करावी लागली. या भूमिकेसाठी त्यांना पाचवे ऑस्कर नामांकन मिळाले. पुरस्कार मात्र कॅथरीन हेपबर्न यांना मिळाला. या दोघींचे नाते नव्हते.

उत्तरायुष्य

१९६८ मध्ये फेरर यांच्याशी त्यांचा घटस्फोट झाला. कुटुंबाला प्राधान्य देऊन त्या दीर्घकाळ चित्रपटांपासून दूर राहिल्या व 'रॉबिन अँड मॅरियन' (१९७६) मधून परतल्या. १९८८ पासून त्यांनी युनिसेफसाठी काम केले. इथिओपिया व सोमालियातील दुष्काळग्रस्त भागांना त्यांनी भेटी दिल्या. बालपणी स्वतः भूक अनुभवलेल्या हेपबर्न यांनी अखेरची वर्षे उपाशी मुलांसाठीच्या कार्याला वाहिली. १९९३ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना मानवतावादी कार्यासाठीचा जीन हर्शोल्ट पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला.